फुलीवरची सही

“मॅडम, तुमचं बी.एस्सी.चं सर्टिफिकेट तेवढं राहिलंय,” देशिंगकर म्हणाले.

मी तेव्हा विमानाच्या पंखाखाली ओणवी होऊन चाकं तपासत होते. दचकून उठले आणि डोकं पंखाला दाणकन आपटलं.

“कुणाचं सर्टिफिकेट?” मी डोकं चोळत विचारलं.

“कुणाचं म्हणजे? तुमचं. अर्जात लिहिलंयत ना, बी.एस्सी. फिजिक्स, प्रथम श्रेणी. झेरॉक्स चालणार नाही, ओरिजिनल लागेल. ते बघितल्याशिवाय नेमणुकीचं पत्र निघत नाही आमच्याकडे.”

“आणते,” मी म्हणाले.

खरं सांगायचं तर मी बी.एस्सी. नव्हते. दुसऱ्या वर्षाच्या सहामाहीनंतर कॉलेजला रामराम ठोकून मी धुळ्याला विमान शिकायला गेले, ती परत त्या वाटेला फिरकले नाही. आणि प्रथम श्रेणी म्हणाल, तर ती मला चित्रकलेतसुद्धा कधी मिळालेली नाही. मग हे अर्जात आलं कुठून? प्रश्न मनात उमटायच्या आधीच उत्तर डोळ्यांपुढे उभं राहिलं. उत्तराच्या डोळ्यांवर जाड चष्मा होता आणि खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल होती. आप्पा!

माझे वडील, शिवराम शिंगटे, सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागले आणि लिपिक म्हणूनच निवृत्त झाले. पण तासगावात त्यांना मान केवढा! कारण त्यांचं अक्षर. रेशनकार्ड असो, नळजोडणी असो, कुणाची पेन्शन अडकलेली असो, अर्ज लिहायचा तो आप्पांनीच. आमच्या दारावरची पाटीसुद्धा त्यांनी स्वतः रंगवलेली होती. ‘श्री. शिवराम रा. शिंगटे, बी.ए.’ दर दिवाळीला ते ती खाली काढायचे आणि अक्षरांवरून पुन्हा ब्रश फिरवायचे. त्यातलं ‘बी.ए.’ जरा जास्तच चकचकीत व्हायचं.

त्यांची एक पद्धत होती. सगळा अर्ज भरून झाला, की जिथे जिथे सही पाहिजे तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारायची आणि कागद पुढे सरकवायचा. “फुलीवर सही कर, बाकीचं मी बघतो.” सही झाली की खोडरबरानं फुली पुसायची, फुंकर मारायची, संपलं. अख्खं गाव असंच सह्या करायचं आणि मी तर त्यांची मुलगीच. शाळेपासून पासपोर्टपर्यंत मी कधी एक ओळ वाचली असेल तर शपथ. मगदूमांच्या कंपनीचा अर्जही मी तशीच बसल्या बसल्या, शेंगा खात, तीन फुल्यांवर सही करून मोकळी झाले होते.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. हातात लायसन्स येऊन मला दोन वर्षं होत आली होती आणि काम नव्हतं. मोठ्या विमान कंपन्यांकडे माझ्यासारख्या नवख्यांची रांग लागलेली. मी घरी बसून दहावीच्या पोरांचं गणित घेत होते आणि नातेवाईक, “काय पायलटबाई, आज कुठं लँडिंग?” म्हणून हसत होते. त्यात विमानाचं लायसन्स हे लोणचं नव्हे, नुसतं ठेवून मुरत नाही. ठरावीक तास उडलं नाही की ते हातचं जातं. माझी मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. आप्पांनी फंडातला पैसा माझ्या शिक्षणाला घातलेला, तोही गेला असता आणि मी जन्मभर काटकोन त्रिकोण शिकवत बसले असते.

अशात मगदूमांकडे जागा निघाली. आण्णा मगदूमांची ओतकामाची फाउंड्री होती, मोठी. पाठीमागच्या माळावर त्यांनी स्वतःची धावपट्टी केली होती आणि दोन पंख्यांचं एक छोटं विमान घेतलं होतं. त्या विमानावर कॅप्टन दिघ्यांच्या शेजारी बसायला सहवैमानिक पाहिजे होता. तीन दिवस माझं काम बघून मग ठरवणार होते. हा तिसरा दिवस होता आणि देशिंगकर हे त्या कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांच्या फायलीतून टाचणी हरवली तरी ते मेमो काढायचे, अशी ख्याती.

“शिंगटे, ये गं इकडं,” कॅप्टन दिघ्यांनी हाक मारली.

दिघे सर गुणी माणूस. हातात विमान दिलं तर देवमाणूस, पण हातात कागद दिला की त्यांना जांभया येत. विमान उडण्याआधी एक वजनपत्रक भरावं लागतं. माणसं किती किलोची, सामान किती किलोचं, सगळं मिळून विमानाला झेपतं की नाही, याचा हिशोब. ते पत्रक त्यांनी भरून ठेवलं होतं.

“‘तयार करणार’ म्हणून तुझी सही, खाली माझी. फुली मारलीय बघ.”

मी बघितलं. पेन्सिलीची बारीक फुली. अगदी आप्पांच्यासारखी.

एरवी मी केली असती हो सही. पण डोक्याला टेंगूळ आलेलं होतं आणि ते ज्या फुलीनं आलं होतं ती अजून ठणकत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी सहीच्या वरचा मजकूर वाचायला घेतला.

त्या दिवशी आम्ही हैदराबादला जाणार होतो. आण्णांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न. आण्णा, त्यांच्या पत्नी जिनमती काकी, आणि तिकडच्या लोकांशी इंग्रजीत बोलायला देशिंगकर. शिवाय बेदाण्याच्या बारा पेट्या. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही, हा आण्णांचा नेम होता, आणि आमच्या भागात हात भरायचे तर बेदाण्यानंच. पत्रकात लिहिलं होतं: आण्णा बहात्तर किलो, काकी अठ्ठावन्न, देशिंगकर पासष्ट, बॅगा पंचवीस, पेट्या पंधराच्या बारा म्हणजे एकशे ऐंशी. बेरीज बरोबर चारशे. आणि त्या दिवशीच्या उन्हात, त्या आखूड धावपट्टीवर, इंधन भरून विमानाची ऐपत उरत होती तीही बरोबर चारशे.

“सर, आण्णांचं वजन बहात्तर?”

“बहात्तर.”

“आत्ता ते उतरले तेव्हा गाडी चार बोटं वर आली, सर.”

“शिंगटे,” सर हळू आवाजात म्हणाले, “मी इथं दहा वर्षं आहे. दहा वर्षं आण्णांचं वजन बहात्तर आहे. त्यांना काट्यावर उभं राहा म्हणायची माझी छाती नाही. तुझी आहे?”

“पण आज ऊन बघा की. चाळीसच्या वर पारा आहे.” मे महिना होता आणि तापलेल्या हवेत विमानाला उचल मिळत नाही, ते धावत राहतं, धावत राहतं. आमच्या धावपट्टीच्या टोकाला ओढा होता आणि ओढ्यापलीकडे कुणा खोतांची द्राक्षबाग. “थंडीत खपून जात असेल, सर. आज नाही खपायचं.”

“मग काय म्हणतेस?”

“मी सही करत नाही. सगळ्यांची वजनं करायची.”

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले ते. नोकरीचा पत्ता नाही, पदवीचा पत्ता नाही, आणि ही बया मालकाला तोलायला निघाली!

सरांनी माझ्याकडे बघितलं, आण्णांकडे बघितलं, आणि घाम पुसत म्हणाले, “तूच सांग त्यांना.”

आण्णा शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि अंग असं की खुर्ची दिसत नव्हती. मी जाऊन उभी राहिले.

“काय झालं गं? इमान बिघडलं काय?”

“विमान ठीक आहे, आण्णा. माणसांची वजनं करायची आहेत.”

“कुणाची?”

“सगळ्यांची. तुमचंसुद्धा.”

देशिंगकरांच्या हातातली फाईल खाली पडली. काकींनी पदर तोंडाला लावला, तो हसू लपवायला होता हे मला नंतर कळलं.

“हितं माळावर काटा कुठनं आणणार?” आण्णांनी विचारलं.

“फाउंड्रीतला आणू या की. भंगार तोलायचा.”

“मॅडम!” देशिंगकर ओरडले. “चेअरमनसाहेब भंगाराच्या काट्यावर?”

आण्णांनी वॉचमनला हाक मारली आणि काटा हातगाड्यावरून आणायला सांगितला. काटा आला, शेडच्या फरशीवर बसवला. लोखंडी, गंजका, अजस्र. सगळे त्याच्याभोवती उभे राहिले आणि कुणीही चढेना. आमच्याकडे पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा यावरून जसं अडून राहतं, तसं झालं.

“तू चढ आधी,” आण्णा मला म्हणाले.

बरोबरच होतं. मी बूट काढले आणि चढले. काटा एकोणसाठवर थांबला.

“अर्जात बावन्न आहे,” देशिंगकर फाईल चाळत म्हणाले. त्या माणसाला तेवढ्यातही ते सापडलं. “पत्रकातही बावन्नच घेतलंय.”

बावन्न! आप्पांनी माझं वजनसुद्धा प्रथम श्रेणीत आणून ठेवलं होतं.

मी काट्यावरून खाली उतरले नाही. खरं तर उतरता आलं असतं. गप्प राहिले असते तर संध्याकाळपर्यंत गप्प राहता आलं असतं, मग काहीतरी थाप, मग आणखी चार दिवस. पण समोर आण्णा टोपी काढून काट्यावर चढायच्या तयारीनं उभे होते. आता मी यांचं खरं वजन मागणार आणि माझं खोटं ठेवणार? माझी मलाच लाज वाटली.

“अर्जात आणखी एक चूक आहे,” मी म्हणाले. “मी बी.एस्सी. नाही. बारावीनंतर दीड वर्ष कॉलेज केलं आणि सोडलं. सर्टिफिकेट नाही माझ्याकडे. उद्याही नसेल.”

“आगं बया,” काकी म्हणाल्या.

देशिंगकरांनी पेनाचं टोपण काढलं आणि फाईलवर काहीतरी लिहिलं. दिघे सर आभाळाकडे बघायला लागले. आण्णांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

“झालं बोलून? मग उतर खाली,” ते म्हणाले. “आता माझी पाळी.”

ते चढले आणि काटा करकरला. “या काट्यावर उभा जन्म घातला मी,” ते म्हणाले. “गावोगाव भंगार घेत फिरायचो, तवा ह्योच होता. पण ह्याच्यावर स्वतः कधी चढलो न्हाई. किती?”

“शहाण्णव,” मी सांगितलं.

“किती?”

“शहाण्णव, आण्णा.”

“काटा बिघडला आसंल,” आण्णा म्हणाले.

“काटा चांगला हाय,” काकी म्हणाल्या. “मी तीस वर्सं सांगतीया, तूप कमी करा.” मग त्या स्वतः चढायच्या आधी माझ्या कानाशी आल्या. “हे बघ पोरी, माझं मोठ्यानं सांगायचं न्हाई. लिहायचं आणि कागद दुमडायचा.” चौऱ्याहत्तर. आता त्या देवाघरी आहेत, माफ करतील.

देशिंगकर एक्याऐंशी भरले. पासष्ट हे त्यांचं लग्नातलं वजन होतं, असं त्यांनी सांगितलं. बॅगा त्रेचाळीस भरल्या, कारण काकींच्या बॅगेत एक पितळी समई निघाली. पेट्या पंधराऐवजी सोळा किलोच्या निघाल्या, लाकडाचं वजन कुणी धरलंच नव्हतं. दिघे सरांचं तेवढं पत्रकातलं आणि काट्यावरचं एक आलं. मी गुडघ्यावर कागद ठेवून बेरीज केली. माझे लपलेले सात किलो धरून विमान त्र्याण्णव किलोनं जास्त होत होतं.

“म्हंजे?” आण्णांनी विचारलं.

“म्हणजे त्र्याण्णव किलो इथं ठेवून जायचे. नाहीतर खोतांच्या बागेत उतरायचं.”

“काय ठेवायचं?”

“सहा पेट्या ठेवल्या तर भागतं.” मी कागद पुन्हा बघितला. “किंवा देशिंगकर साहेब आणि त्यांची बॅग. एक्याऐंशी अधिक बारा. बरोबर त्र्याण्णव.”

मी मुद्दाम म्हणाले नाही, बेरीजच तशी येत होती. पण देशिंगकरांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेली नाही.

आण्णांनी पेट्यांकडे बघितलं. मग देशिंगकरांकडे बघितलं. मग परत पेट्यांकडे.

“पोरी, तुला इंग्लिश येतं?”

“येतं.”

“मग देशिंगकर, तुमी ऱ्हावा. आर्धा बेदाणा घिऊन लग्नाला गेलो तर लोक काय म्हंतील?”

विमान सुटलं तेव्हा देशिंगकर धावपट्टीच्या कडेला बॅग घेऊन उभे होते आणि माझी फाईल त्यांच्या काखेत होती. आम्ही धावलो. ओढा जवळ येत गेला, आणखी जवळ आला, आणि मग कुठे चाकं जमिनीवरून सुटली. खाली बघितलं तर ओढ्यापर्यंत फारशी जमीन उरलेली नव्हती.

“बरं झालं, शिंगटे,” दिघे सर म्हणाले. “दहा वर्षं मी त्या बहात्तर किलोंवर सही करतोय.”

हैदराबादला मी दोन दिवस आण्णांच्या मागून फिरले, इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत. पदवीचा विषय त्यांनी काढला नाही. परतल्यावर गाडीत बसता बसता एवढंच म्हणाले, “परवा ये हापिसात. बाला घिऊन ये.”

घरी आले आणि मी आप्पांशी कडाक्याचं भांडले. “असं का केलंत? मी तुम्हाला सांगितलं होतं का?” ते ऐकून घेत राहिले. मग उठून त्यांनी आपला इस्त्रीचा शर्ट बाहेर काढून ठेवला. “मी लिहिलंय, मी येतो,” एवढंच म्हणाले. तासगावापासून फाउंड्रीपर्यंत आम्ही एसटीत शेजारी शेजारी बसून एक शब्द बोललो नाही. हातातून नोकरी गेल्याचं मी धरूनच चालले होते. फक्त आप्पांचा अपमान होऊ नये, एवढंच मनाशी म्हणत होते.

आण्णांच्या खोलीत दिघे सर होते आणि टेबलावर फाईल उघडून देशिंगकर होते.

“खोटी माहिती दिली म्हणजे अर्ज बाद,” देशिंगकर म्हणाले. “नियम आहे.”

आण्णांनी अर्ज हातात घेतला. “कुणी भरलाय ह्यो?”

“मी, साहेब,” आप्पा उभे राहिले. “तिला काही माहीत नव्हतं. तिनं फुलीवर सही केली.”

“अक्षर काय झकास हाय हो!”

“मोडीसुद्धा येते,” आप्पा म्हणाले. अशा वेळीही त्यांना राहवलं नाही. मी डोळे मिटून घेतले.

“पण असं का केलंसा?”

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “साहेब, एकोणसत्तर साली मोठ्या हुद्द्याची एक जागा निघाली होती. सगळी परीक्षा मी पास झालो, तोंडी तेवढी राहिली. अर्जात ‘पदवी’ असा एक रकाना होता. माझा बी.ए.चा एक पेपर राहिलेला, इंग्रजीचा. मी खरेपणानं तो रकाना मोकळा सोडला. त्या साहेबानं अर्ज घेतला, तो मोकळा रकाना बघितला आणि लाल पेन्सिलीनं सगळ्या अर्जावर एक रेघ ओढली. मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. म्हटलं, माझ्या पोरीचा रकाना मोकळा राहता कामा नये.”

मी आप्पांकडे बघत राहिले. बी.ए.चा पेपर राहिलेला? मग दारावरची पाटी? दर दिवाळीला ब्रश फिरवून चकचकीत केलेलं ते बी.ए.? माझ्या वयाच्या सव्वीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. भांडण कुठल्या कुठे गेलं.

आण्णांनी खाकरून घसा साफ केला. “दिघे, इमान चालवायला कायदा काय म्हंतो? पदवी लागती?”

“कायद्याला बारावी पुरते, आण्णा. फिजिक्स आणि गणित घेऊन. त्यावर लायसन्स. काही कंपन्या पदवी मागतात, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर.”

“तुमची पदवी कशातली?”

“इतिहास.”

“इमानात काय उपेग होतो त्याचा?”

“अजून तरी वेळ आली नाही,” दिघे सर म्हणाले.

“मग आपल्यात पदवी पायजेच असं कुणी ठरवलं?”

“साहेब, पॉलिसी आहे,” देशिंगकरांनी दुसरी फाईल पुढे केली. “ऑफिसर ग्रेडला पदवीधरच घ्यायचा. आपलीच सही आहे.”

आण्णांनी कागद हातभर लांब धरला. सही होती, मोठी, वळणदार. आणि सहीच्या बाजूला एक बारीक, पेन्सिलीची फुली होती. देशिंगकर ती पुसायला विसरले होते.

आण्णा त्या फुलीकडे बघत राहिले. मग त्यांनी कागदावरून नजर उचलून आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ते हसायला लागले. टेबल हललं, चहाचा कप हलला, शहाण्णव किलो गदगदा हलले.

“देशिंगकर, मी चौथी पास. ह्या नियमानं मला माझ्याच कंपनीत नोकरी लागत न्हाई की हो!”

“तसं नाही साहेब, आपण मालक...”

“तुमी फुली मारली, मी सही केली. पोरीनं काय येगळं केलं?” ते डोळे पुसत म्हणाले. “ही पॉलिसी पुढच्या बैठकीत काढून टाकू. तवर काय करायचं? पदवी न लागणारी ग्रेड कंची हाय?”

देशिंगकरांचा चेहरा पडला होता, पण माणूस नियमाचा पक्का. त्यांनी प्रामाणिकपणे पान उलटलं. “वाहनचालक. सातवी पास आणि वैध लायसन्स.”

“लायसन्स हाय की तिच्याकडं.”

अशी मी मगदूमांच्या कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागले. पुढची बैठक व्हायला दीड वर्ष गेलं, तोवर ड्रायव्हरच होते. दिवाळीला मला इतर ड्रायव्हरांबरोबर सफारीचं कापड आणि प्रेशर कुकर मिळाला. ट्रकवाले सोपानकाका मला भेटले की विचारायचे, “काय म्हंतो तुमचा गिअर?” पुढे दिघे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले. आता पोरंपोरी मला विचारतात, “मॅडम, पायलट व्हायला डिग्री लागते का हो?” मी सांगते, कायद्याला लागत नाही, काही कंपन्यांना लागते, आणि घरच्यांना तर लागतेच. जमत असेल तर घ्या. नसेल तर रकान्यात खरं लिहा.

त्या दिवशी आण्णांच्या खोलीतून निघायच्या आधी देशिंगकरांनी नवा कोरा अर्ज दिला. आप्पांनी तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर तो भरला. वजनाच्या रकान्यात एकोणसाठ लिहिलं. पदवीच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ठळक, सुरेख अक्षरात लिहिलं, ‘नाही. बारावी (विज्ञान).’ आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी बघितलं. फुली नव्हती.

“सही कुठं करू?”

“आधी वाच,” आप्पा म्हणाले. “सापडेल.”

त्या वर्षी दिवाळीला मी घरी गेले, तेव्हा ते अंगणात पाटी मांडीवर घेऊन बसले होते. हातात ब्रश, नाकावर चष्मा. मला बघितल्यावर त्यांनी पाटी उचलून माझ्यासमोर धरली.

“टांगायच्या आधी वाचून घे. काही चुकलंय का बघ.”

वरच्या ओळीत लिहिलं होतं, ‘श्री. शिवराम रा. शिंगटे’. पुढे काही नव्हतं, नुसता ताजा पांढरा रंग. खालच्या ओळीत, अजून ओल्या अक्षरांत, माझं नाव होतं आणि नावापुढे ‘बारावी, वाहनचालक (विमान)’.

मी दोनदा वाचलं. काही चुकलेलं नव्हतं.